चाळीस संध्याकाळांची सावड

मल्हारी हलगी वाजवीत असे, त्याचा मुलगा फकिरा कीर्तन करीत असे, आणि फकिराचा मुलगा गोटीराम यांतले काहीच करीत नसे. तो जन्मभर लोकांच्या मळ्यांत मान खाली घालून राबला आणि मान खाली घालूनच गेला. त्या गोटीरामाची थोरली लेक सुवर्णा. वय बावन्न, कपाळ मोकळे, टाचा भेगाळलेल्या. आवाज मात्र घराण्याचा. घराणे हा शब्द गावाने त्यांच्यासाठी कधी वापरला नाही. गावाने वापरला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही.

मल्हारीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मिशनच्या गोऱ्या साहेबाने त्याला बजावले, की हलगी जुन्या देवांची आहे, ती नव्या घरात चालायची नाही. मल्हारीने ती गोदावरीच्या काठी वाळूत पुरली आणि पुढे तो विलायती चालीवर गाणी म्हणू लागला. फकिरा बापापेक्षा शहाणा निघाला. गोऱ्या चालीवर गायलेले देवाचे वचन वाडीवस्तीवरची माणसे टोपी काढून ऐकतात आणि टोपी घालताना विसरतात, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट ओवीत बांधली, खांद्यावर उपरणे टाकले, हातात चिपळ्या घेतल्या आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस रोज एका वाडीवर कीर्तन करायचे ठरवले. पण कीर्तनाला मृदंग लागतो, आणि त्याच्या माणसांना मृदंगाला हात लावायची मिशनच्या पाळकांची मनाई होती.

तेव्हा तुळशीराम माळी पुढे आला. दिवसभर तो मळ्यात झेंडू तोडी, आणि दिवस कलला की मृदंग गळ्यात अडकवून फकिराच्या मागे चालू लागे. चाळीस संध्याकाळी तो असा चालला. फकिराने मोबदला विचारला तर म्हणाला, "मजुरी नको. सावड धरू."

सावड म्हणजे कामाला काम. आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. तिथे पैशाला स्थान नाही.

"माझ्या दारात एकदा बस, आन् सगळं आख्यान म्हन," तुळशीराम म्हणाला. "मृदंग खुंटीला राहील. मला नुसतं ऐकू दे. वाजवनारा ऐकत नसतो, फकिराभाऊ. तो मात्रा मोजत असतो."

ती बैठक झाली नाही. ज्या दारात तुळशीवृंदावन आहे त्या दारात आपला कीर्तनकार बसणार नाही, असे पाळकांनी फर्मावले. फकिरा मिशनच्या चाकरीत होता, घरात पाच तोंडे होती, त्याने ऐकले. पुढच्या उन्हाळ्यात तुळशीराम वारला. सावड मागायची नसते, ज्याच्याकडे राहिली असेल त्याने आठवायची असते. आणि फकिराच्या घराने ती सत्तर वर्षे नुसती आठवली.

*

यंदा मार्चात गारा पडल्या. अर्धा तासच पडल्या, पण अर्ध्या एकरातला झेंडू त्यांनी असा झोडपला, की दुसऱ्या दिवशी शेतात फुलांचा चिखल झाला. सुवर्णा नवरा गेल्यावर माहेरी परतली होती. धाकटा भाऊ राज टेम्पोने भाजीपाल्याच्या खेपा घेऊन पहाटे नाशकात द्वारका चौकाकडे जाई आणि दुपारी झोपे. शेत पडले ते सुवर्णा आणि भावजय दीपमाला यांच्या अंगावर. सडके झाड मुळासकट उपटायचे, बांधावर फेकायचे, पुन्हा वाकायचे. तीन दिवसांनी सुवर्णाच्या कमरेला धड वाकणेही जमेना आणि धड उभे राहणेही.

चौथ्या दिवशी बांधावर चंद्रभागा येऊन उभी राहिली. तुळशीरामाच्या मुलाची, रंगनाथची बायको. पंचाहत्तरीची, काठीच्या आधाराने चालणारी; ती स्वतः चालत आली म्हणजे निरोप साधा नव्हता.

"सुवर्णे, म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलंय. डाक्टर म्हनतो या वयात आपरेशन नको. पडल्या पडल्या दोन दिवस तुझ्या आज्याचं नाव घेतंय."

"काय म्हनत्यात नाना?"

"सावड राहिली म्हनत्यात. मी म्हनलं, मागू नये. तर म्हनले, आता मी मागितली नाय तर मागनार कोन? पोराला ठाऊक नाय, नातीला ठाऊक नाय." चंद्रभागेने चिखलात पडलेले एक फूल काठीने उलटे केले. "सकाळच्या पारी शुद्धीत असत्यात. दुपारनंतर कोनाला ओळखीत नाय. काय ते बघ, पन लवकर बघ."

सुवर्णाने हातातले झाड खाली ठेवले. आजोबा गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती. पण त्याआधी कांद्याच्या वाफ्यात शेजारी बसवून त्यांनी तिच्याकडून आख्यानाची ओवी न् ओवी घोटून घेतली होती. गोटीरामाला आवाज नव्हता. आता सबंध आख्यान जाणणारे या पृथ्वीवर एकच माणूस उरले होते, आणि त्याच्या हाताला चिखल लागलेला होता.

"उपवासकाळ संपायच्या आत येते," ती म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी. तवर एका जागी रोज बांधून घेतलाय. सुट्टी मिळाली की आलेच."

*

तो रोज शेतातला नव्हता. देवळाली कॅम्पात एका जुन्या बंगल्यात मिशनच्या लोकांनी महिनाभराचे शिबिर मांडले होते. त्यांचा म्होरक्या जोबीन, केरळचा, तिशीतला, सडपातळ, मनाचा स्वच्छ. त्याचे म्हणणे असे, की प्रत्येक मुलखातल्या माणसांपर्यंत देवाची गोष्ट त्यांच्याच वाद्यांतून, त्यांच्याच नाचांतून गेली पाहिजे. परक्या चाली लादणे ही आपल्या पूर्वीच्या लोकांची चूक झाली. हे तो इतक्या कळवळ्याने सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावे, चूक त्यानेच केली होती. सुरगाण्याकडून नाचणारी चार पोरे आली होती, नाशिकहून एक हलगीवाला, आणि सायखेड्याजवळून कीर्तनकाराची नात म्हणून सुवर्णा. रोजाचे पैसे आणि जेवण. चांगले जमले तर वर्षभर गावोगाव फिरायचे काम.

ती पहाटे घर सोडी, दोन बस बदलून नऊपर्यंत पोहोचे, आणि उभ्याने गाई.

"दीदी, फार सुंदर," जोबीन म्हणे. त्याची मराठी हिंदीच्या खांद्यावर हात टाकून चाले. "पण हे पूर्ण किती वेळ जाते?"

"तीन तास."

"आपल्याला सहा मिनिट पाहिजे. लोगों का ध्यान उतना ही रहता है."

मग आख्यानाची काटछाट सुरू झाली. मंगलाचरण गेले. बापाने वाटणी करताना काढलेले सुस्कारे गेले. दुष्काळाची वर्णने गेली, डुकरे राखण्याच्या दोन ओव्या राहिल्या. धाकटा परत येतो, बाप धावत जातो, मिठी, टाळ्या, समाप्त.

"आन् थोरला?" सुवर्णाने विचारले.

"कौन?"

"थोरला मुलगा. जो शेतात राबत व्हता. तो परत येतो, वाजंत्री ऐकतो, आन् आत यायला तयार होत नाय. त्याच्या सतरा ओव्या हायेत."

जोबीनने डोके खाजवले. "वो थोडा… दुःखी है ना, दीदी. शेवट आनंदी पाहिजे."

तिला नऊवारी नेसवली, नाकात चापाची नथ लावली. नथ टोचे. फकिराच्या घरात नथ कोणी घातली नव्हती. पण हे सांगायला तिला कोणी विचारले नाही, आणि सांगण्याइतकी ताकद संध्याकाळपर्यंत तिच्यात उरत नसे. घरी येऊन ती अंधार पडायच्या आत दोन ओळी झेंडू उपटी आणि मग भाकरीपाशी बसल्या बसल्या पेंगे.

*

झावळ्यांच्या रविवारी शिबिराची मिरवणूक निघाली. येशू यरुशलेमेत शिरला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवून त्याचे स्वागत केले, त्याची ही मिरवणूक; दरवर्षी मंडळी गाणी म्हणत चालत. यंदा जोबीनने हलगी पुढे घातली. हलगीवाल्याला कोणता ठेका वाजवायचा हे त्याने स्वतः निवडून दिले होते. कुठल्याशा गावी टिपलेला ठेका त्याने फोनवर शंभरदा ऐकला होता. त्यात त्याला भारदस्तपणा वाटला, राजाच्या चालीसारखा. हलगीवाला नव्या पिढीचा, लग्नाच्या बॅन्डमध्ये वाढलेला. त्याने तो ठेका जसाच्या तसा उचलला.

सुवर्णाने पहिल्या चार ठोक्यांत ओळखले. तो मयताचा ठेका होता. तिरडी उचलल्यावर स्मशानापर्यंत वाजतो तो.

तिने तोंड उघडले आणि मिटले. जोबीन पुढे झावळी उंच धरून चालला होता, चेहरा उजळलेला. सकाळपासून ती उपाशी होती, नथीने नाक सुजले होते. आपण कोण सांगणाऱ्या, असे तिला वाटले. आणि असे वाटणे हीच तिच्या बापाची सगळी कमाई तिच्या वाट्याला आली होती.

मिरवणूक बाजाराच्या रस्त्याला लागली. दुकानांतली माणसे बाहेर आली, पायरीवर उभी राहिली, आणि एकेकाने टोप्या काढल्या. रिक्षा बाजूला थांबल्या. एका जवानाने सायकलवरून उतरून कपाळाला हात लावला. भाजीच्या पाटीमागून भागीबाई नावाची म्हातारी लगबगीने उठली आणि डोळ्यांना पदर लावून सुवर्णाला म्हणाली, "कोन गेलं गं बाई? म्हातारं व्हतं का तरनं?"

"कोनी नाय गेलं, आजी."

"मग ही हलगी?"

"राजा येतोय. देवाचा."

भागीबाईने मिरवणूक खालपासून वरपर्यंत न्याहाळली. "येतोय व्हय? मला वाटलं, नेत्यात त्याला."

मागून हसण्याचा एक फवारा उडाला. तो पुढेपर्यंत पोहोचला. जोबीनला कोणीतरी कानात सांगितले आणि त्याचा उंचावलेला हात हळूहळू खाली आला. हलगी थांबली. उरलेली मिरवणूक पाय घाशीत बंगल्यावर परतली.

फाटकाआड त्याने सुवर्णाला गाठले. "दीदी, आपको मालूम था?"

"व्हतं."

"मग बोलले का नाही?"

"इचारलं कोनी?" ती म्हणाली. मग तिलाच ते पुरते वाटले नाही. "माझा पणजा तीच हलगी वाजवायचा. तुमच्याच लोकांनी ती पुरायला लावली. आता तुम्हीच उकरून काढली. पुरतानाबी आमाला इचारलं नव्हतं, दादा, आन् उकरतानाबी."

जोबीनने हातातली झावळी खाली ठेवली. तो म्हणाला, "सॉरी." आणि मग, कारण शिबिर त्यालाही पुढे रेटायचे होते, "बुधवारी चेन्नईचे पाहुणे येतात. ते बघून वर्षाचे काम ठरवणार. तुमचे सहा मिनिट सर्वात पहिले."

"बुधवारी मला सुट्टी पायजे."

तिने त्याला सावडीची गोष्ट सांगितली. तो ऐकत गेला तसे त्याचे डोळे मोठे होत गेले.

"दीदी! इससे अच्छा क्या होगा! आम्ही सगळे तिथे येतो. पाहुणे, कॅमेरा. सत्तर वर्षांनी, माळ्याच्या दारात… तुम्ही पूर्ण गा, आम्ही नंतर सहा मिनिट काढतो. सुट्टी कशाला, तो दिवस डबल रोज."

सुवर्णा थकली होती. डबल रोज, सबंध आख्यान, आणि रंगनाथनानाही सुखावतील. वर्षाचे काम तर पक्केच. ती "बरं" म्हणाली आणि बस पकडायला निघाली.

*

सोमवारी दिवस मावळायच्या सुमारास ती रंगनाथच्या दारी गेली. ओसरीवर खाट, खाटेवर म्हातारा; पायाशी वाळूच्या पिशव्या बांधलेल्या. दुपारनंतर तो कोणाला ओळखत नाही असे चंद्रभागा म्हणाली होती, पण त्या दिवशी त्याचे डोळे उघडे होते. अंगणात त्याचा मुलगा महेश मोटरसायकल धूत होता.

सुवर्णाने ठरलेले सांगितले. महेशच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

"कॅमेरा? आत्या, तुम्ही कोन्त्या जगात राहता? आमच्या दारात कीर्तन, तेबी तुमच्या धर्माचं, वर बाहेरचे पाहुने. संध्याकाळच्या आत ते शंभर फोनवर जाईल. कोनी म्हनंल माळ्यानं धर्म सोडला, कोनी म्हनंल पैसे घेतले. मला ह्या गावात खतांचं दुकान चालवायचंय."

"एका सकाळचा तर प्रश्न हाय, महेश."

"तुमच्यासाठी एक सकाळ. आमच्यासाठी जन्माची कटकट. बाबाला ऐकायचंय तर तुम्ही एकट्या या, म्हना, जा. कोनी नाय म्हनत नाय."

चंद्रभागा मध्ये पडली नाही. ती ओसरीच्या कडेला बसून लसूण सोलत होती. सुवर्णाने खाटेकडे पाहिले.

"रोज किती देत्यात?" रंगनाथने विचारले. आवाज घोगरा, पण शब्द स्वच्छ.

"डबल, नाना."

"चांगलाय." त्याने नजर छताकडे वळवली. "मी बारा वर्षांचा व्हतो. बापाच्या संगं टाळ घेऊन चाळीस सांजा मीबी चाललो. एका वाडीवर पाटलानं खूश होऊन बापाला रुपया दिला. बापानं तो घेतला नाय. म्या इचारलं, घेतला कामून नाय? तर म्हनला, सावडीच्या दिवसाची मजुरी दुसऱ्या कोनाकडून घेतली की तो दिवस सावडीत धरत नसत्यात."

त्याने मान वळवून सुवर्णाकडे पाहिले. "तू डबल रोज घेऊन गायलीस तर लय छान होईल. मी ऐकंन. पन ती बैठक तिकडची. इकडची राहिलेलीच."

नियम सुवर्णाला ठाऊक होता. गावात ज्याने कधी खुरपे धरले आहे त्या प्रत्येकाला ठाऊक होता. आपण तो विसरलो होतो, की थकव्याने विसरल्यासारखे केले, हे तिने स्वतःला विचारले नाही. विचारून उपयोग नव्हता.

"बुधवारी येते," ती म्हणाली. "एकटी."

*

जोबीनला तिने मंगळवारी तोंडावर सांगितले. फोनवर सांगून मोकळे होणे तिला शोभले नसते.

तो रागावला नाही. रागावला असता तर सोपे गेले असते. "दीदी, पाहुणे फक्त बुधवारीच आहेत. तुमच्या जागी दुसरी बाई घ्यावी लागेल. नगरची एक आहे, आवाज ठीक आहे. मग वर्षाचे काम तिला."

"घ्या."

"कॅमेरा नको, पाहुणे नको. मी एकटा येऊन मागे बसू? फक्त ऐकायला."

सुवर्णा विचारात पडली. पोरगा वाईट नव्हता. "नको, दादा. तुम्ही ऐकाल, आन् मग तुम्हाला त्याचं काहीतरी करावंसं वाटंल. ऋण फेडायला जाताना रिकाम्या हातानं जावं आन् रिकाम्या हातानं यावं." तिने नथ काढून टेबलावर ठेवली. "आन् त्या नगरच्या बाईला थोरल्याच्या ओव्या शिकवायला मी येईन, बोलवलं तर. त्याचे पैसे नको."

घरी दीपमालेने चुलीपुढून उठून विचारले, "काय म्हनला?"

"दुसरी बाई घेतली."

दीपमालेने तोंड सोडले. "लय मोठ्या मनाच्या! झेंडू गेला, टेम्पोचं टायर गेलं, पोरांच्या शाळेची वह्या-पुस्तकं समोर हायेत, आन् ह्या चालल्या म्हाताऱ्याला गानं ऐकवायला, फुकट! तुमच्या आज्यानं सावड घातली व्हती, माझ्या बापानं नव्हती घातली. घरात दुसऱ्या कोनी पोटाला खावं की नाय?"

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. सुवर्णाने ताट पुढे ओढले. ताटात भाकरी जरा जास्तच जोरात आदळली. पण भाकरी दोन होत्या, आणि वर ठेचाही होता.

*

बुधवारी सकाळी सुवर्णा चिपळ्या घेऊन निघाली तेव्हा दीपमाला दारातच उभी होती, डोक्यावर पदर, हातात टाळ.

"तुला कुठं गाता येतं?"

"नाय येत. तीन तास एकट्या गाऊन मेलात तर झेंडू उपटायला मला दुसरी नणंद कुठून आनायची? धृपद तेवढं मागं धरते. चला."

महेशने ट्रॅक्टर आणून फाटकात आडवा लावला होता, रस्त्यावरून अंगण दिसू नये म्हणून. तो स्वतः ट्रॅक्टरला टेकून उभा होता, दुकान उशिरा उघडणार होता. ओसरीवर मृदंग खुंटीला होता. कातडे सैल पडलेले. खाटेला उशा लावून रंगनाथला जरा उंच केले होते. चंद्रभागेने सुवर्णासाठी घोंगडी अंथरली, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि बाजूला झाली.

सुवर्णा बसली. समोर तुळशीवृंदावन होते. आजोबांना ज्याच्यापुढे बसू दिले नव्हते ते हेच, हे तिच्या मनात आले. मग मंगलाचरण सुरू झाले आणि मनात दुसरे काही यायला जागा राहिली नाही.

पहिला तास बरा गेला. धाकटा हट्टाला पेटला, बापाने वाटणी केली.

"वाटा घेउनी निघाला, धाकटा तो दूरदेशी ।
मागे बाप उभा वेशी, डोळे लावुनी वाटेशी ॥"

"ये रे लेकरा, ये रे, दार उघडेच आहे," दीपमाला मागून ओढी. तिचा सूर खाली-वर होई, टाळ मात्र चुकत नसे. सुवर्णा निरूपण सांगे, पुन्हा गाई. दुष्काळ आला, डुकरे आली. दुसऱ्या तासाला तिचा गळा कोरडा पडला. पाणी पिऊनही आवाज खरवडत निघू लागला. मांडीला मुंग्या आल्या. कमरेत झेंडूचे सगळे दिवस एकदम उभे राहिले.

फाटकाशी शेजारची यशोदाबाई आली. "महेश, काय चाललंय रे आत?"

महेश रस्त्याकडे पाहत म्हणाला, "काही नाय. बाबाला बरं नाय ना, तर गानं ऐकवत्यात."

"कोन? ती किरिस्तावाची सुवर्णा?"

यशोदाबाई ट्रॅक्टरच्या चाकाजवळून वाट काढून आत आली आणि कडेला पाय मुडपून बसली. थोड्या वेळाने आणखी दोघी आल्या. महेशने एकदा ट्रॅक्टरकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे, आणि चौथी आली तिच्यासाठी स्वतःच वाट करून दिली.

बाप धावला. मिठी पडली. अंगठी, झगा, वाजंत्री. यशोदाबाईने डोळे पुसले. सुवर्णाचा आवाज आता शब्दांना नुसता टेका देत होता. शिबिरात महिनाभर ती इथेच थांबत आली होती. जिभेने सवयीने शेवटचे धृपद धरले. दीपमालेने टाळ वाजवून ताल मिटवला.

"थांब," खाटेवरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिले. रंगनाथचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते. आपोआप ठेका धरतील म्हणून त्याने ते पहिल्यापासूनच तसे दाबून ठेवले होते.

"थोरला कुठं गेला?"

सुवर्णाने डोळे मिटले. "नाना, गळा गेलाय माझा."

"मला दिसतंय. पन शेतात राबत व्हता तो थोरला. मी टाळ वाजवायचो तवा तेवढाच भाग मला कळायचा. त्याला टाकून कसं चालंल?"

दीपमालेने तांब्या पुढे केला. "घोटभर घ्या. म्हना. मी हाय."

सुवर्णाने पाणी घेतले. पहिली ओळ निघाली ती गाणे नव्हतीच, नुसते बोलणे होते. आणि त्या ओव्यांना तेच साजले.

"थोरला बोले बांधावरुनी, मी राबलो ऊनवारा ।
एक करडूही माझ्या दारा, कधी नाही बांधिले ॥

हातांस घट्टे, पाठीस कूबड, कोणी न पुसे दमलास का ।
तो उधळून आला परका, त्याच्यासाठी वाजंत्री ॥"

सतरा ओव्या. दहाव्या ओवीला तिचा आवाज फुटला, तेव्हा ती थांबली, श्वास घेतला आणि ती ओवी पहिल्यापासून पुन्हा म्हणाली. दीपमाला धृपद विसरून ऐकत राहिली होती. तिचा टाळ मांडीवर तसाच पडला होता. महेश फाटक सोडून ओसरीच्या पायरीवर येऊन बसला.

"बाप म्हणे, लेकरा माझ्या, तू तर नित्य माझ्यापाशी ।
जे जे माझे ते तुजपाशी, दारात ये, थकलास तू ॥"

तिथे आख्यान संपले. चिपळ्या तिने घोंगडीवर ठेवल्या.

मग रंगनाथने विचारले, "गेला का तो आत?"

"आज्यानं पुढं बांधलं नाय, नाना. पुस्तकातबी तेवढंच हाय. थोरला दारातच उभा."

म्हाताऱ्याने हे तोंडात घोळवले. "बरं केलं त्यानं," तो म्हणाला. थोरल्याविषयी की फकिराविषयी, हे त्याने सांगितले नाही. मांडीखालचे हात त्याने एक एक करून बाहेर काढले. ते वजनाने पांढरे पडले होते. चंद्रभागा पुढे होऊन ते चोळू लागली.

यशोदाबाई पायरीकडे झुकली. "कशाचं गानं व्हतं रे हे, महेश? कशापायी?"

महेश पायरीवरून उठला. मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "आमच्या आज्याची सावड व्हती. यांच्या घराकडं."

सावड फेडणाऱ्याने विचारायचे असते आणि घेणाऱ्याने चारचौघांत सांगायचे असते. सुवर्णा दीपमालेच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. गुडघे सरळ व्हायला वेळ लागला. खाटेजवळ जाऊन तिने घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात विचारले, "नाना, काही राहिलं का?"

रंगनाथने अंगणातल्या प्रत्येक माणसाकडे आळीपाळीने पाहिले, साक्ष मोजावी तसे.

"काही राहिलं नाय," तो म्हणाला. "फकिराच्या घराकडं तुळशीरामाच्या घराचं आता काहीसुद्धा नाय. फिटली. पुरी फिटली."